८ बाय ४ ची शीट, १६ फुटांची भिंत

फूड ट्रक बांधून घ्यायला येणारं गिऱ्हाईक पहिल्या भेटीतच सांगतं, "भिंतीला जोड दिसता कामा नये हं." दुकानात एफआरपीची, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची सपाट शीट मिळते ती ८ बाय ४ फुटांची, फार तर १० बाय ४ ची. ट्रकची बाजू असते १६ फूट लांब, ७ फूट उंच. जोड येणारच. तो कुठे आणायचा आणि कसा करायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

रेफ्रिजरेटेड ट्रकच्या बॉड्या बनवणारे मोठे कारखाने रोलवर गुंडाळलेली, हवी तेवढी लांब अखंड शीट मागवतात. तुमच्या कामाला ती परवडत असेल तर जरूर घ्या आणि हा लेख इथेच बंद करा.

शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये फसलेले जोड बरेच पाहिले, त्यातले काही माझेच. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली. जोड एकतर मोकळेपणाने हलू द्यायचा, नाहीतर तसूभरही हलू द्यायचा नाही. थोडं सिलिकॉन, थोडे रिव्हेट, वरून लांबी (पुट्टी) आणि रंग अशी खिचडी केली की तो जोड फुटतोच. किती महिन्यांत, एवढाच फरक.

हलता जोड की पक्का जोड

तापमान एका अंशाने चढलं की एक मीटर एफआरपी शीट साधारण ०.०३ मिमी वाढते. ऐकायला काहीच नाही. पण १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर असलेली ट्रकची बाजू मे महिन्याच्या भर उन्हात ५५-६० अंशांपर्यंत तापते, रंग गडद असेल तर त्याहूनही जास्त. ४५ अंशांचा फरक धरला तर भिंत साडेसहा मिमी, म्हणजे दोन सूत लांब होते. तिच्यामागचा लोखंडी सांगाडा तेवढाच तापला तरी अडीच मिमीच वाढतो, कारण लोखंडाचं प्रसरण एफआरपीच्या निम्म्याहून कमी. उरलेले चार मिमी कुठेतरी जिरवावे लागतात. तुम्ही जागा दिली नाहीत तर शीट आपली जागा स्वतः शोधते. मग ती फुगते, रिव्हेटच्या भोकापाशी तडकते किंवा जोडावर उकलते.

म्हणून काम हातात घेतलं की आधी हे ठरवा. शीट पक्क्या भिंतीवर नुसती चिकटवायची असेल तर प्रत्येक जोड हलता ठेवा. शीट हीच भिंत असेल, म्हणजे ट्रकची बाजू, पोर्टा केबिन किंवा शीतखोलीचं पॅनेल, तर सगळ्या शीटचा मिळून एकच तुकडा करा आणि हलायची जागा फक्त त्या मोठ्या तुकड्याच्या चारी कडांना द्या.

भिंतीवरची शीट: एच-पट्टी

डेअरीची दूध संकलनाची खोली, हॉटेलचं स्वयंपाकघर, बेकरी. इथे भार भिंत उचलते, शीट हा नुसता धुता येणारा अंगरखा. दीड ते अडीच मिमी जाडीची, बहुतेक वेळा दर्शनी बाजूला बारीक दाणे उठवलेली शीट वापरतात. काम सोपं आहे, पण घाई केली की बिघडतं.

शीट लावायच्या दोन दिवस आधी त्याच खोलीत आडव्या पसरून ठेवा, म्हणजे खोलीच्या हवेला सरावतात. त्याच रात्री भिंतीला दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे, काम पुढे ढकला. ओल्या भिंतीवर चिकटवलेली शीट पहिल्या पावसाळ्यात पोट काढते आणि मागे बुरशी धरते, तो वास मग खोलीतून जात नाही.

सुरुवात खोलीच्या कोपऱ्यावर विसंबून करू नका. जुन्या भिंतीचा कोपरा ओळंब्यात नसतो. कोपऱ्यापासून चार फुटांवर ओळंबा सोडून रेघ मारा, पहिली शीट त्या रेघेला लावा आणि कोपऱ्याकडची कड भिंतीप्रमाणे कापून घ्या. खाली फरशीपाशी आणि वर छतापाशी दोन-दोन सूत मोकळे ठेवा.

दोन शीटमध्ये एच-पट्टी येते, म्हणजे इंग्रजी H च्या आकाराची, दोन्हीकडे खाच असलेली पट्टी. तिच्या खाचेत आधी सिलिकॉनची सलग वळी सोडायची. शीटची कड खाचेच्या तळाला टेकेपर्यंत आत ढकला, पट्टीच्या ओठाशी शीटवर पेन्सिलची खूण करा, आणि शीट एक सूत बाहेर ओढा. हा एक सूतच तुमचा जोड. ती कड तळाला टेकलेली राहिली तर पट्टी लावून न लावल्यासारखीच. डिंक शीटच्या पूर्ण पाठीवर दातेरी थापीने ओढा. गोळ्या-गोळ्यांनी लावलेल्या डिंकावर शीट ढोलासारखी वाजते आणि मधे फुगते. मग रोलर मधून कडांकडे फिरवा. रिव्हेट मारायचेच असतील तर नायलॉनचे घ्या आणि भोक रिव्हेटपेक्षा एक सूत मोठं पाडा.

इथे जोड लपवायच्या भानगडीत पडू नका. एका बेकरीत मालकाच्या हट्टापायी मी तीन शीटमधले दोन्ही जोड लांबी भरून, रंगवून गुळगुळीत करून दिले होते. भिंतीपलीकडे भट्टी. पहिल्याच उन्हाळ्यात दोन्ही रेघा केसासारख्या उमटल्या आणि मधली शीट भिंत सोडून पुढे आली. शेवटी जोड ग्राइंडरने मोकळे केले आणि वरून झाकपट्टी बसवली. पैसे अर्थातच माझ्याच खिशातून गेले.

मोठं पॅनेल: आधी कागदावर

आता खरं काम. १६ बाय ७ फुटांची ट्रकची बाजू, मधे फोम आणि दोन्ही बाजूंना दोन मिमीची शीट.

शीट आडव्या लावल्या तर खालच्या ओळीत दोन आणि वरच्या ओळीत तीन फुटांवर कापलेल्या दोन, अशा चार शीट लागतात. १६ फुटांचा आडवा जोड येतो आणि मधे चार तुकड्यांचे कोपरे एकाच बिंदूत भेटतात. हा चौकातला जोड कधीही करू नका, तिथे लांबी टिकत नाही. त्याच चार शीट उभ्या लावून ७ फुटांवर कापल्या तर फक्त तीन उभे जोड येतात, ४, ८ आणि १२ फुटांवर. माल तेवढाच आणि जोडाची लांबी २३ ऐवजी २१ फूट. पावसाचं पाणीही उभ्या जोडावर थांबत नाही.

आतल्या बाजूची शीट अर्ध्या तुकड्यापासून सुरू करा: २, ४, ४, ४, २ फूट. शीट पुन्हा चारच, पण जोड येतात २, ६, १० आणि १४ फुटांवर. बाहेरचा आणि आतला जोड कुठेच समोरासमोर येत नाहीत, दोघांत दोन फुटांचं अंतर राहतं. मधल्या फोमचे जोड या दोन्हींपासून निदान सहा इंच दूर ठेवा. विटांच्या बांधकामात सांधमोड करतात, तोच न्याय.

खिडकी कुठे येणार हेही आत्ताच बघा. जोड खिडकीच्या मधोमध आणला तर तीन-चार फूट जोड कापलाच जातो, तेवढी मेहनत वाचते. पण जोड खिडकीच्या कोपऱ्याला लागून येऊ देऊ नका. कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो. कोपरे काटकोनात न कापता किमान दोन इंच त्रिज्येने गोल करा.

टेबल, कडा आणि घासकाम

पॅनेल टेबलाइतकंच सपाट होतं. १९ मिमीच्या प्लायवुडचं १६ बाय ८ चं टेबल मांडा, दोन्ही दिशांना दोरी ताणून बघा, पाणसळ लावा, आणि जिथे खड्डा असेल तिथे खालून पाचर द्या. वर जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे सांडलेलं रेझीन (काचतंतूंना बांधून कडक होणारा पातळ पॉलिएस्टर चिकटा) चिकटणार नाही.

दुकानातल्या शीटची कड सरळ असेल असं धरून चालू नका. दोन शीट एकावर एक ठेवा, लोखंडी पट्टी धरा आणि दोन्ही कडा एकाच फेरीत कापा. डायमंड चकती लावलेला ग्राइंडर पुरतो. ही धूळ साधी नाही. चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काम झाल्यावर आधी थंड पाण्याने हात धुवा, चोळू नका. नवीन पोरं गरम पाण्याने खसखसून धुतात आणि रात्रभर खाजवत बसतात.

घासकामावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जोडाचं आयुष्य इथेच ठरतं. तयार शीट पूर्ण कडक झालेली असते. तिच्यावर टाकलेलं नवीन रेझीन तिच्यात विरघळून एकजीव होत नाही, ते फक्त पृष्ठभागाला पकडून बसतं. पकड बसायला पृष्ठभाग खरबरीत आणि स्वच्छ लागतो. शीटची पाठ डोळ्यांना खरबरीत दिसते, म्हणून पुष्कळ कारागीर ती घासतच नाहीत. मीही एकदा नाही घासली. पाठपट्टी, म्हणजे जोडावर मागून चढवलेली पट्टी, इतकी सुरेख बसली होती की मी फोटो काढला. टेबलावरून उचलताना पॅनेल जरासं वाकलं आणि सात फुटांची पट्टी भाजलेल्या पापडासारखी अख्खी सुटून आली, खाली शीट जशीच्या तशी चकचकीत.

तर ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पट्टी जेवढी रुंद येणार त्याहून दोन्हीकडे एक-एक इंच जास्त. चमक पूर्ण गेली पाहिजे. तिरक्या उजेडात बघा, जिथे चकाकतं तिथे परत घासा. आधी कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यातून तेल आणि पाण्याचे कण येतात. मग पांढरं सुती फडकं अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून एकाच दिशेने पुसा आणि अ‍ॅसिटोन उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर मेण आणि तेल नुसतं इकडचं तिकडे पसरतं. त्यानंतर तिथे बोटही लावायचं नाही, आणि रेझीनचं काम त्याच दिवशी उरकायचं.

नवीन कंपनीची शीट असेल तर आधी वीतभर नमुना करा. घासा, पट्टी टाका, २४ तासांनी पटाशी घालून उचका. पट्टी उकलताना काचतंतू फाटून निघाले तर जोड पक्का. सफाईने अलगद सुटली तर घासकाम पुन्हा.

पाठपट्टी

दोन-अडीच मिमीच्या शीटला मी बहुतेक वेळा हीच पद्धत वापरतो. शीटच्या कडा भिडवायच्या आणि पाठीमागून मॅट (काचतंतूंची विस्कटलेली चटई) व रेझीनची पट्टी चढवायची. सात फुटांच्या एका जोडाला चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे दोन थर लागतात, एक सहा इंच रुंद आणि एक चार इंच. दोन्ही मिळून मॅट होते पाव किलोच्या आसपास. रेझीन मॅटच्या सव्वादोन पट, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम. ब्रशला आणि डब्याला चिकटणारं धरून सहाशे घ्या. दोन थरांची जाडी भरते साधारण दोन मिमी.

१. दोन्ही शीटच्या दर्शनी कडेला कानस मारून बारीक उतार द्या. पुढे लांबी याच खाचेत बसते. शीटमध्ये अर्धा सूत फट ठेवा, दर्शनी बाजूने रुंद टेप लावा आणि दोन्ही शीट मिळून पालथ्या करा. हे दोघांचं काम आहे.

२. जोडाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक गुंडाळलेल्या सरळ लाकडी पट्ट्या ठेवून वजन द्या. नख जोडावरून आडवं ओढा. अडकलं तर एक शीट वर आहे. हा फरक आत्ताच काढा, नंतर तो लांबीत जाईल आणि लांबी जाड झाली की तडकेल.

३. मॅटच्या पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू विरळ होत जातात, पट्टीची कड शीटमध्ये मिसळते. कापलेली कड पायरीसारखी उभी राहते.

४. रेझीन मिसळा. कोबाल्ट, म्हणजे हार्डनरचं काम जलद करणारं द्रव्य, रेझीनमध्ये आधीच घातलेलं आहे का ते दुकानदाराला विचारा, बहुतेक वेळा असतं. नसेल तर जांभळा कोबाल्ट आधी रेझीनमध्ये नीट ढवळा, आणि मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्या एका कपाटातसुद्धा ठेवू नका. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही. प्रमाण वजनाने एक ते दोन टक्के: सहाशे ग्रॅमला उन्हाळ्यात सहा ग्रॅम, थंडीत बारा. मे महिन्यात काम लांबावं म्हणून एक टक्क्याच्या खाली जाऊ नका, रेझीन कायमचं चिवट राहतं. त्यापेक्षा पहाटे काम करा, एका वेळी तीनशे ग्रॅमच मिसळा आणि पसरट ट्रेमध्ये ठेवा. खोल डब्यात रेझीन स्वतःच्या उष्णतेने तापून लवकर घट्ट होतं.

५. फटीत रेझीन आणि बारीक सिलिका पावडरची घट्ट लापशी भरा. मग घासलेल्या जागेवर ब्रशने रेझीनचा हात फिरवा, सहा इंची पट्टी ठेवा आणि ब्रश टोचत टोचत भिजवा. घासायचा नाही, मॅट गोळा होते. पांढरं दिसतं ती मॅट कोरडी, पारदर्शक झाली ती भिजलेली. खाचांचा रोलर फिरवून बुडबुडे काढा आणि लगेच चार इंची पट्टी टाका.

रुंद थर आधी की अरुंद, यावर कारागिरांत भांडणं होतात. मी रुंद आधी टाकतो, कारण अखंड तंतूंचा सगळ्यात मोठा थर मूळ शीटला थेट धरतो आणि नंतर वरून घासलं तर कापला जातो तो छोटा थर.

६. वरून पील प्लाय, म्हणजे रेझीन न धरणारं नायलॉनचं कापड, दाबून बसवा. दुसऱ्या दिवशी ते ओढून काढलं की खाली खरबरीत, स्वच्छ पृष्ठभाग तयार मिळतो आणि फोम चिकटवताना घासकाम वाचतं. २४ तास पॅनेल हलवू नका.

पावसाळ्यात मॅट हवेतला ओलावा धरते आणि भिजायला कुरकुरते. आमच्याकडे जुन्या कपाटात ६० वॅटचा बल्ब रात्रंदिवस चालू असतो, मॅट त्यात. शीटवर हात ठेवल्यावर गार ओलसर लागली तर त्या दिवशी रेझीन उघडत नाही.

घाई असेल तर मॅटऐवजी त्याच शीटची चार इंची पट्टी कापून मिथॅक्रिलेट अधेसिव्हने पाठीमागे चिकटवता येते. हे अधेसिव्ह महाग, वास उग्र, आणि हातात वेळ मोजून मिनिटांचा. पण एका तासात पॅनेल उचलता येतं आणि पकड उत्तम. काचा बसवायचं पीयू (पॉलियुरेथेन) अधेसिव्ह मात्र इथे चालणार नाही. ते रबरासारखं ताणतं, आणि आपल्याला इथे हलणारा जोड नको आहे.

उताराचा जोड

शीट तीन मिमी किंवा त्याहून जाड असेल, किंवा पाठीवर फुगवटा चालणार नसेल, तर दोन्ही कडा पाठीकडून उतरत्या घासायच्या आणि झालेली दरी मॅटने भरायची. उताराची लांबी जाडीच्या बारा पट. तीन मिमीच्या शीटला ३६ मिमी, जवळजवळ दीड इंच, दोन्हीकडे. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावा आणि हलका हात ठेवा. शीटमधले थर कडेला समांतर पट्ट्यांसारखे दिसू लागतात. पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या दिसल्या तर उतार बरोबर, वाकड्या झाल्या तर हात डगमगला.

या जोडाला शक्यतो इपॉक्सी रेझीन वापरा. कडक झालेल्या शीटला ते पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं आणि आकसतंही कमी. फक्त इपॉक्सीसोबत साधी मॅट घेऊ नका. मॅटचे तंतू एकत्र धरणारा चिकटा पॉलिएस्टर रेझीनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट कडकच राहते. काचतंतूंचं विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. आणि हार्डनर अंदाजाने नाही, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, काट्यावर मोजून. जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही, बिघडतं.

फोमशी गाठ

पीयूएफवर, म्हणजे पॉलियुरेथेन फोमवर, पॉलिएस्टर रेझीन चालतं. थर्माकोल किंवा एक्सपीएसवर (थर्माकोलच्याच जातीचा घट्ट फोम) चालत नाही. स्टायरीन लागलं की तो फोम साखरेसारखा विरघळतो. तिथे इपॉक्सी किंवा पीयू डिंकच.

पाठपट्टीचा दोन मिमी फुगवटा फोममध्ये बसवावा लागतो. राऊटरने फोममध्ये साडेसहा इंच रुंद आणि अडीच मिमी खोल खाच काढा, उरलेली अर्धा मिमी जागा डिंक भरून काढेल. ही खाच विसरलात तर जोडाच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते आणि उन्हात त्यातली हवा फुगून पापुद्रा सुटतो.

मग दाब. सिमेंटची पोती ठेवून काम भागतं असं सगळे म्हणतात, म्हणून हिशेब सांगतो. व्हॅक्यूम बॅगमध्ये, म्हणजे पॅनेलवर प्लास्टिक बंद करून आतली हवा पंपाने काढत, अर्धा बार दाब ओढला तर दर चौरस मीटरला पाच टनांवर वजन पडतं. आपलं पॅनेल १०.४ चौरस मीटरचं, म्हणजे ५० किलोची हजारावर पोती. वीस पोत्यांनी तुम्ही देता एक टन, तोही जिथे पोतं आहे तिथेच. पंप भाड्याने आणा. नाहीच मिळाला तर पॅनेलवर दुसरं जाड प्लायवुड ठेवून मग पोती रचा, निदान वजन पसरेल.

तयार पॅनेल ४० मिमी फोम धरून नव्वद किलोच्या आसपास भरतं. चार माणसं, आणि उचलताना उभं धरायचं, आडवं नाही.

दर्शनी बाजू

टेप काढा, खाच ८० नंबरने घासा, पॉलिएस्टर लांबी दोन पातळ हातांत भरा, घासून प्रायमर मारा. पण लगेच रंगवू नका. रेझीन कडक झाल्यासारखं वाटलं तरी उष्णता मिळाली की आणखी थोडं आकसतं आणि जोडावर बारीक खोलगट रेघ उमटते. शेडमध्ये आरशासारखी दिसणारी बाजू पहिल्याच उन्हात जोड दाखवते ती यामुळे. पॅनेल आठवडाभर उन्हात उभं करा, जे आकसायचं ते आकसू द्या, मग पुन्हा लांबीचा पातळ हात आणि रंग.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत १९५३ साली शेवरोले कॉर्व्हेट ही फायबरग्लासच्या बॉडीची मोटार आली. तिचे पत्रे आपल्या पाठपट्टीसारख्याच पट्ट्या मागून लावून जोडलेले असत, आणि त्या मोटारींच्या रंगावर जोडाची रेघ उमटते म्हणून दुरुस्त करणारे आजही कुरकुर करतात.

माझं मत विचाराल तर पांढरा किंवा फिका रंग घ्या आणि गाडीची नक्षी अशी आखा की उभा पट्टा नेमका जोडावर येईल. चकचकीत काळ्या रंगात जोड लपवून द्यायचं काम मी घेत नाही. आणखी एक: रंगवायच्या पॅनेलच्या आसपास सिलिकॉनची नळीही उघडू नका. त्याचा नुसता हात लागलेल्या जागी रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

सांगाड्यावर चढवताना

सगळं पॅनेल आता एक तुकडा आहे, म्हणून हलायची जागा सांगाड्याशी. लोखंडावर प्रायमर, त्यावर काचा बसवायच्या पीयूची जाड वळी. पॅनेल दाबल्यावर डिंक पार पिळून निघू नये म्हणून दर दीड फुटावर तीन मिमी जाडीचे रबराचे तुकडे ठेवा. तीन मिमीचा तो थर शीट आणि सांगाड्यातल्या चार मिमी फरकाचे दोन-दोन मिमी दोन्ही टोकांना आरामात जिरवतो. रिव्हेट मारायचे ते पीयू वाळेपर्यंत धरून ठेवायला, आणि तेही पॅनेलच्या मध्याजवळ. टोकांना मारलेत तर हलायची जागा पुन्हा बंद. भोक कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या किमान तिप्पट आत, ४.८ च्या रिव्हेटला १५ मिमी. चारी कडांना अ‍ॅल्युमिनियमचा अँगल, आत दोन सूत मोकळे आणि त्यात पीयू सीलंट.

पहिला पावसाळा झाला की गाडी परत बोलवा. रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक जोडावरून वरून खाली टकटक करत या. आवाज खणखणीत आला तर पुढे चला. बद्द आला तिथे पेन्सिलने गोल काढा, त्या गोलात तीन मिमीची दोन भोकं पाडा, फक्त वरची शीट भेदेल एवढीच, खालच्या भोकातून सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडा. वरच्या भोकातून ते बाहेर डोकावलं की दोन्ही भोकांवर टेप लावा आणि फळीने दाबून रात्रभर ठेवा.